डॉक्टर गिअरबॉक्स काढतात

"काढणं हाच तर माझा धंदा आहे!" चहाचा कप बशीत ठेवून डॉक्टरांनी जाहीर केलं. "लोकांच्या अक्कलदाढा काढतो मी. त्यापुढे गाडीचा गिअरबॉक्स म्हणजे काय? मुळं सैल करायची, जरा इकडेतिकडे हलवायचं, की वस्तू अलगद हातात!"

डॉक्टर दातांचे होते, हे वेगळं सांगायला नको. दवाखाना घराच्या तळमजल्यावर होता, घर चढावरच्या गल्लीत होतं आणि डॉक्टरांचा आत्मविश्वास त्याहून बराच वर होता.

"गाडी कोणाची आहे?" बायकोनं विचारलं.

"तुझी."

"आणि मला ती कधी हवी आहे?"

"सोमवारी."

"मग जे काय काढायचं ते काढा, पण सोमवारी गाडी चालली पाहिजे. एवढंच."

हे "एवढंच" ती ज्या सुरात म्हणाली, तो सूर डॉक्टरांच्या चांगला ओळखीचा होता. त्या सुरानंतर दुसरा कप मागायचा नसतो.

सोमवारी ती शहराबाहेरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून रुजू होणार होती. तिथवर बस जात नाही. मुलाखतीत प्राचार्यांनी विचारलं होतं, "रोज येणार कशा?" तिनं मान ताठ करून सांगितलं होतं, "माझी गाडी आहे." घरी आल्यावर हे वाक्य तिनं डॉक्टरांना जेवायच्या आधी ऐकवलं, जेवताना ऐकवलं आणि झोपायला जाताना दिवा मालवून पुन्हा एकदा ऐकवलं. नोकरीपेक्षा त्या वाक्याचाच तिला जास्त आनंद झालेला दिसत होता.

गाडी जुनी, लांबलचक आणि ऑटोमॅटिक होती. क्लच नाही, गिअर बदलायची कटकट नाही. दांडा 'ड्राइव्ह'वर आणला की निघाली, 'पार्क'वर आणला की जागेवर घट्ट. डॉक्टरांनी पूर्वी बायकोला स्वतःच्या क्लचवाल्या गाडीवर शिकवून पाहिलं होतं. पण शिकवताना त्यांचा सूर "आ करा, अजून मोठा, अजून" असा असायचा. एक दिवस ती भर रस्त्यात गाडीतून उतरली आणि चालत घरी आली. त्यानंतर तिनं परस्पर क्लास लावला, परवाना काढला, ही गाडी घेतली आणि डॉक्टरांना सांगितलं, "बसा शेजारी." त्यांची क्लचवाली गाडी मग विकून टाकली. आयुष्यभर बायकोला इकडून तिकडे नेणारा माणूस शेजारच्या सीटवर आला. त्यांना ते सलत होतं. मोठ्यानं कधी बोलले नाहीत, पण सलत होतं.

आणि नेमका आताच गिअर घसरायला लागला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं आणि गाडी विचार करत बसायची. गल्लीच्या उताराखाली गिअरबॉक्स दुरुस्त करणाऱ्याचं गॅरेज होतं. सगळे त्याला गिअरवालाच म्हणत. त्यानं गाडी फिरवून बघितली आणि हात जोडले.

"गाडी ठेवायला माझ्याकडे तसूभर जागा नाही, डॉक्टर. ही रांग बघा! गिअरबॉक्स तेवढा काढून आणलात, तर रविवारी संध्याकाळपर्यंत उभा करून देतो. पण गाडी आणू नका."

"काढून आणतो," डॉक्टर म्हणाले. म्हणाले खरे, पण मनात दोन विचार होते. एक असा, की गिअरबॉक्स आपण स्वतः काढला तर बायको जन्मभर सांगत फिरेल, "ह्यांनी काढला हो!" आणि दुसरा जरा आतल्या कप्प्यातला होता. समजा नाहीच जमलं, तर सोमवारी स्कूटर काढायची आणि तिला मागे बसवून कॉलेजला पोचवायचं. पहिल्यासारखं. या दुसऱ्या विचाराची डॉक्टरांना लाज वाटली. पण तो आवडलाही.

शनिवारी सकाळी दवाखान्यावर 'आज बंद'ची पाटी लागली. पोर्चमध्ये गाडीचं तोंड भिंतीकडे आणि पाठ गेटाकडे होती. पुढची चाकं दोन लोखंडी रॅम्पवर चढवून गाडी नाक वर करून उभी केली. मागच्या चाकांमागे एकेक वीट लावली. खाली पाहुण्यांची गादी अंथरली, म्हणजे गिअरबॉक्स खाली आल्यावर त्याला लागायला नको.

मदतीला मेहुणा होता. तो शाळेत कवायत शिकवायचा. पांढराशुभ्र ट्रॅकसूट आणि गळ्यात शिट्टी, असा तो शनिवारीही असायचा. मेहुण्याचा एक मोठा गुण म्हणजे सांगितलेलं काम तो सांगितल्याबरोबर करायचा. मधल्या वेळात विचार वगैरे करत बसायचा नाही.

"भाऊजी, हुकूम मोघम नको," तो म्हणाला. "शब्द आधी ठरवून घेऊ."

"बरं. 'धर' म्हटलं की जॅक धरायचा. 'सोड' म्हटलं की सोडायचा. मी 'सोड' म्हणेपर्यंत आभाळ कोसळलं तरी सोडायचा नाही."

"आणि म्हटल्यावर?"

"सोडायचा! त्यात विचारायचं काय?"

"समजलं," मेहुण्यानं टाचा जुळवल्या.

डॉक्टरांनी मास्क लावला, हातमोजे चढवले, कपाळावर दिवा बांधला आणि पाठीवर सरपटत गाडीखाली गेले. आजवर पेशंट आडवा आणि डॉक्टर वर असायचे. आज पहिल्यांदाच उलटं झालं होतं. पण सांगायला हरकत नाही, काम त्यांनी सफाईनं केलं! आधी खालचं बूच उघडून निघेल तेवढं तेल काढलं. मग मागच्या चाकांकडे जाणारा लांबलचक शाफ्ट सोडवला. नळ्या, वायरी एकेक करून निघाल्या. निघालेला प्रत्येक बोल्ट दवाखान्यातल्या स्टीलच्या ट्रेमध्ये, कापसावर, 'वरचा उजवा', 'खालचा डावा' अशा चिठ्ठ्या लावून ठेवला. इंजिन मागून लोंबायला नको म्हणून खालून एक फळी आडवी बांधली. गिअरबॉक्सच्या पोटाखाली जॅक लावला.

"धर!"

"धरला!"

डॉक्टरांनी गिअरबॉक्स हलवला. तो हलला नाही. जोर लावला, तरी नाही. शेवटी ते त्याला लोंबकळले. गाडी कुरकुरली, पण गिअरबॉक्स काही इंजिनाला सोडेना.

"भूल कमी पडली का भाऊजी?" मेहुण्यानं काळजीनं विचारलं.

"गप रे. एक मूळ राहिलंय कुठेतरी."

मूळ होतं ते अगदी वर, हात जाणार नाही आणि डोळ्याला दिसणार नाही अशा जागी. तोंड तपासायचा छोटा आरसा आत घालून डॉक्टरांनी तो बोल्ट शोधला आणि लांब दांड्याचा पाना लावून काढला. गिअरबॉक्स कण्हल्यासारखा आवाज करून दोन बोटं मागे सरकला. आता सगळा भार जॅकवर, म्हणजे पर्यायानं मेहुण्यावर होता.

"आहे तसाच धरून ठेव. घाम पुसतो आणि आलो," म्हणत डॉक्टर बाहेर सरपटले. तेवढ्यात पायरीवर ठेवलेला त्यांचा फोन वाजला. त्यांचा शाळेपासूनचा मित्र होता. परवाच डॉक्टरांनी त्याची दाढ काढली होती.

"काय रे, अजून ठणकतंय? सूज आहे? खरं सांग, सिगारेट ओढलीस ना? ओढलीस! अरे, जखम ओली आहे अजून! आधी ती सोड!"

जॅकपाशी मेहुण्याचे कान टवकारले.

"उद्यापासून नाही, आत्ताच्या आत्ता सोड! काय म्हणालास, हातातच आहे? मग धरून काय बसलायस? सोड म्हणतो ना! सोड!"

मेहुण्यानं सोडला.

धप्प! गिअरबॉक्स गादीवर पडला. पडताना तोंडाकडून कलला आणि त्याच्या तोंडात बसवलेलं, मेदूवड्यासारखं गोल गरगरीत टॉर्क कन्व्हर्टर घरंगळत बाहेर आलं. खालचं बूच उघडून कितीही तेल काढलं, तरी या गोलात पुष्कळ तेल उरतं. हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. आणि ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरचं तेल लालभडक असतं, हे मेहुण्याला ठाऊक नव्हतं. ते सगळं तेल त्या पांढऱ्या ट्रॅकसूटवर आलं आणि मेहुणा आडवा झाला.

"अरे, सोडलास का तू?" डॉक्टर ओरडले.

"तुम्हीच म्हणालात!"

"मी पेशंटला सांगत होतो!"

"पेशंटच्या हातात जॅक नव्हता, भाऊजी."

फोनमधून मित्र विचारत होता, "काय पडलं रे?"

"गिअरबॉक्स."

"माझा?"

डॉक्टरांनी फोन बंद केला. गिअरबॉक्स खाली वाकून पाहिला. गादीनं लाज राखली होती, कुठे फुटला नव्हता. ठरवलं तसा नाही, पण निघाला होता! डॉक्टरांनी आनंदानं खिशातली पक्कड काढून उंचावली.

नेमक्या त्याच वेळी समोरच्या बाल्कनीत शेजारच्या काकू कपडे वाळत घालायला आल्या. त्यांना दिसलं ते असं. डॉक्टर मास्क आणि हातमोज्यांत, कपाळावर दिवा, हातात पक्कड. पायाशी लालेलाल झालेला माणूस पडलेला.

"अहो डॉक्टर! काय केलंत हो हे!"

"काढला, काकू! मुळासकट काढला!"

काकू ओले कपडे तिथेच टाकून आत पळाल्या. त्यांनी कोणाकोणाला फोन केले ते नंतर कळलं. न केलेल्यांची नावं सांगणं सोपं जाईल.

आवाज ऐकून बायको बाहेर आली. तिनं भाऊ पाहिला, गिअरबॉक्स पाहिला आणि शेवटी गादी पाहिली.

"ही गादी पाहुण्यांची आहे ना?"

"ताई, मी ठीक आहे," मेहुणा म्हणाला.

"दिसतंय मला. गादी पाहुण्यांची आहे ना?"

"ते नंतर बघू," डॉक्टर घाईघाईनं म्हणाले. "आधी हा उताराखाली पोचवायचाय. निम्मी लढाई जिंकली बघ!"

कन्व्हर्टर पुन्हा तोंडात बसवलं. दोघांनी गादीसकट गिअरबॉक्स गाडीखालून बाजूला ओढून काढला. आता तो गाडी आणि भिंत यांच्यामधल्या बोळातून गेटापर्यंत न्यायचा होता. गादी ओढत ओढत मागच्या चाकापर्यंत आली आणि अडली. चाकामागची वीट अर्धी बोळात आली होती.

"भाऊजी, वीट काढू?"

डॉक्टर घाई करणारे असले तरी बेफिकीर नव्हते. "थांब! गाडी रॅम्पवर आहे. अगं, जरा आत बसून बघ, दांडा पार्कवर आहे ना?"

बायको गाडीत बसली. दार लावून घेतलं, कारण ती गाडीत बसली की दार लावायचीच. "आहे. पार्कवरच आहे."

"नीट बघितलंस?"

"अहो, मला वाचता येतं. पार्कवर आहे."

"मग काढ वीट!"

मेहुण्यानं वीट काढली. आणि एका बाजूची काढली तर दुसऱ्या बाजूची का ठेवायची, म्हणून वळसा घालून तीही काढली. कवायतीच्या माणसाला एकसारखेपणा लागतो.

आता हा पार्क म्हणजे नेमकं काय, हे त्या तिघांपैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. दांडा पार्कवर आणला की चाकं अडतात, ती अडवणारी कडी असते गिअरबॉक्सच्या पोटात. दांडा पार्कवर होता, हे बायकोनं अगदी बरोबर सांगितलं. पार्क मात्र गादीवर होता.

गाडीनं एक मोठा सुस्कारा टाकला आणि रॅम्पवरून मागे निघाली.

"अगं! अगं! अगं!" डॉक्टरांना पुढचा शब्द सुचेना. गाडी त्यांच्या नाकासमोरून, रोज जाते तशी, उघड्या गेटातून पाठमोरी बाहेर पडली. आतून बायकोनंही रोज करते तेच केलं. आरशात पाहिलं आणि स्टिअरिंग फिरवलं. गाडीची शेपटी चढाच्या बाजूला वळली, तोंड उताराकडे झालं, वेग कमी झाला. तिनं ब्रेकवर पाय रोवला आणि गाडी गल्लीच्या मधोमध उभी राहिली.

बाल्कनीतून काकूंचा आवाज आख्ख्या गल्लीला ऐकू गेला. "अगंबाई! डॉक्टरांची बायको त्यांना सोडून चालली!"

त्या वाक्यानं डॉक्टरांच्या काळजात खरोखर कळ आली. वाक्य चुकीचं होतं, हे त्यांना माहीत होतं. तरी आली. ते धावत गाडीच्या खिडकीशी पोचले.

"हलू नकोस! अजिबात हलू नकोस!"

"मी कुठे हलतेय? ब्रेक दगडासारखा झालाय, पण धरलाय."

मागून कर्कश हॉर्न वाजला. फर्निचर नेणारा ट्रक वरून उतरत होता. गल्ली अरुंद, बाजूनं सायकलसुद्धा जाईना. "ओ, गाडी पुढे घ्या!" ड्रायव्हर ओरडला.

"पुढे जाणार नाही ती!" डॉक्टर ओरडले. "तिच्यात गिअर नाही!"

"उतार तर आहे," बायको म्हणाली.

"काय?"

"उतारावर जाईल की. ब्रेक आहे, स्टिअरिंग आहे. मी नेते खाली."

"वेडी आहेस का? तू सरक, मी बसतो!"

तिनं त्यांचे तेलानं निथळणारे हातमोजे पाहिले. "या हातांनी? व्हा बाजूला."

"बरं, मग मी सांगतो तसं कर. ब्रेक हळूच उचल. अजून हळू. हां, आता अजून..."

तिनं हँडल फिरवून खिडकीची काच वर केली.

आणि गाडी निघाली. इंजिनाचा आवाज नाही, काही नाही. एखादं लग्नघरातलं माणूस सगळं निवांत आटोपून निघावं, तशी सावकाश निघाली. मागे मास्क लावलेले डॉक्टर धावताहेत, पुढे लालभडक मेहुणा शिट्टी फुंकत रस्ता मोकळा करतोय, सगळ्यात मागून ट्रक. काकूंच्या फोनमुळे दारादारांत माणसं आधीच उभी होती, त्यांना तर काय बघू आणि काय नको असं झालं. बायकोनं मात्र कोणाकडे पाहिलं नाही. समोरून बाबागाडी ढकलत एक आजोबा आले, त्यांच्यासाठी ती थांबली. पुन्हा निघाली. वळणावर तिनं हात बाहेर काढायला काच खाली केली, रीतसर हात दाखवला आणि काच पुन्हा वर केली. शेवटच्या उतारावर ब्रेक जरा जास्त सोडला, तेवढ्या वेगावर गॅरेजचा उंबरठा ओलांडला आणि तसूभर जागा नसलेल्या त्या गॅरेजात, दोन गाड्यांच्या मधोमध, अगदी सरळ रेषेत गाडी उभी केली. मग हँडब्रेक ओढला. या घरात तो आजवर फक्त पिशव्या अडकवायला वापरला होता.

गिअरवाला हातातला पाना तसाच धरून बघत राहिला. "ताई, ही गाडी इथे कशी?"

"उतरून आली."

मागून डॉक्टर पोचले. धाप लागली होती, पण बातमी सांगितल्याशिवाय राहवेना. "काढला! मुळासकट काढला!"

गिअरवाल्यानं वाकून गाडीखाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "डॉक्टर, मी काय सांगितलं होतं? गाडी आणू नका, गिअरबॉक्स आणा. तुम्ही गिअरबॉक्स घरी ठेवून बाकीची सगळी गाडी घेऊन आलात!"

अखेर ट्रकवाल्यांनाच दया आली. त्यांच्या फर्निचर ढकलायच्या चाकांच्या पाटावर घालून गिअरबॉक्स, गादीसकट, खाली आला. मेहुणा अंघोळीला गेला. बायको गॅरेजातल्या स्टुलावर बसली होती. हातातल्या पेल्यातलं पाणी ती घोटघोट पीत होती. डॉक्टर शेजारी टायरवर टेकले.

"घाबरलीस?"

"खूप." तिनं पेला खाली ठेवला. "पण सोमवारी हाच उतार मला एकटीनं उतरायचा आहे ना. आज मधेच उतरले असते, तर पुन्हा कधी बसले नसते."

डॉक्टरांना गलबलून आलं. आता मनातलं सांगून टाकावंसं वाटलं. "मी ना, असं ठरवलं होतं, की नाहीच जमलं तर सोमवारी..."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"तुम्ही काल स्कूटर धुऊन ठेवलीत. वर्षात पहिल्यांदा."

डॉक्टर हातमोजे काढायला लागले. पण ती हसत होती.

रविवारी संध्याकाळी गाडी तयार झाली. गिअरवाल्यानं शब्द पाळला, बहुधा जागा मोकळी व्हावी म्हणून. किल्ली पुढे केली, तेव्हा डॉक्टरांनी सवयीनं हात पुढे केला. किल्ली त्यांच्या हातावरून बायकोच्या हातात गेली. गिअर कसे पडताहेत ते ऐकायला गिअरवाला तिच्या शेजारी बसला. उरली मागची सीट. डॉक्टर तिथे मधोमध बसले आणि दोन सीटच्या फटीतून मान पुढे काढली.

"आता चढ येईल हं," ते म्हणाले. "आता दुसरा पडेल बघ. पडला! आता तिसरा."

गाडी न कुरकुरता, न विचार करता, गल्लीचा चढ चढू लागली. गिअरवाला डोळे मिटून ऐकत होता. "लोण्यासारखे पडताहेत," तो म्हणाला.

"पण काढला कोणी!" डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना वाटलं, निदान बायको आता तरी म्हणेल, ह्यांनी काढला हो. तेवढ्यात तिनं आरशात पाहिलं. थेट त्यांच्याकडेच पाहिलं.

"अहो."

"काय गं?" डॉक्टर आणखी पुढे झुकले.

"जरा डोकं बाजूला घ्या ना. मागचं काही दिसत नाहीये."

डॉक्टरांनी डोकं बाजूला घेतलं.